पेशवा : एक शब्द, किती मुलुख!

परवा कुर्दांच्या इतिहासाबद्दल वाचताना एका नावावर अडखळलो. 'पेशवा काझी मुहम्मद'! शनिवारवाडा नाही, भट घराणं नाही, आणि थेट इराणच्या डोंगरात पेशवा?

२२ जानेवारी १९४६ ला महाबाद गावी कुर्दांनी आपलं प्रजासत्ताक जाहीर केलं. काझी मुहम्मद त्याचे अध्यक्ष, लोक त्यांना 'पेशवा' म्हणत. राज्य वर्षभरही टिकलं नाही. ३१ मार्च १९४७ ला इराण सरकारने त्यांना फाशी दिली. कुर्दांसाठी हा शब्द आजही हुतात्म्याचा आहे.

शब्द मूळचा फारसी. पेश म्हणजे पुढे. आपल्या 'पेश करणे'मधला तोच. पेशवा म्हणजे पुढे चालणारा, नेता. गंमत म्हणजे हिटलरच्या 'फ्युरर'लाही फारसीत 'पीश्वा'च म्हणतात!

दख्खनमध्ये मात्र हा पुढारी राजाच्या मागे उभा राहिला. इथे पेशवा म्हणजे सुलतानाचा मुख्य कारभारी. निजामशाहीतला मलिक अंबर पेशवाच होता. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी पदांना संस्कृत नावं दिली, पेशव्याचा 'मुख्य प्रधान' झाला. पण लोकांच्या तोंडी जुनाच शब्द राहिला.

आता साताऱ्याला या. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं, तेव्हा अर्थ सरळ होता : छत्रपतींचा नोकर. १७४९ ला शाहू महाराज गेले, १७५० ला सांगोल्याचा करार झाला आणि सत्ता पुण्याला गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबलचं नाव तेच, आतली व्हॅल्यू बदलली! तरी नव्या पेशव्याला वस्त्रं साताऱ्याहूनच यायची. कागदोपत्री चाकर, प्रत्यक्षात मालक.

साताऱ्याहून अडीच-तीन तासांवर सांगली. तिथले पटवर्धन पेशव्यांचे सरदार, जहागीर पेशव्यांच्या कृपेची. म्हणजे साताऱ्याच्या गादीचा जो चाकर, तोच सांगलीकरांचा धनी. यासाठी देश ओलांडायलाही नको, कृष्णेच्या काठाने खाली गेलं की पुरे.

१८१८ मध्ये इंग्रजांनी पेशवाई बुडवली आणि साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं. कंपनीने १८३९ मध्ये त्यांनाही पदच्युत केलं आणि १८४८ मध्ये राज्यच खालसा केलं. पद संपलं, शब्द उरला. तोही एका अर्थाने नाही. 'पेशवाई' म्हटलं की कुणाला अटकेपारचे घोडे आठवतात, कुणाला अस्पृश्यांवरचा जुलूम. दोघंही मराठीच बोलतात, शब्दही एकच वापरतात, आणि भांडण मात्र दोनशे वर्षांनीही मिटत नाही.

शब्दकोश अशा वेळी फारसा उपयोगी पडत नाही मंडळी. त्यात मूळ सापडतं. अर्थ हवा असेल तर तो शब्द कोण उच्चारतंय, आणि त्याच्या पूर्वजांनी त्या पदाकडे वरून पाहिलं होतं की खालून, हे विचारावं लागतं.