अर्धवट भरलेल्या फॉर्मचा इतिहास

मोबाईलवर लांबलचक फॉर्म भरताय. मधेच फोटो हवा म्हणून कॅमेरा उघडला, परत आलात तर फॉर्म कोरा! बहुतेकांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. मंडळी, चूक तुमची नाही. हे दुखणं जुनं आहे.

१९९६ साली पाम पायलट आला. पायलट १००० ची मेमरी होती १२८ केबी. एका वेळी एकच अ‍ॅप; दुसरं उघडलं की पहिलं बंद. पण जाताना आपण कुठे होतो ते अ‍ॅपनं लिहून ठेवायचं, हा तिथला शिरस्ता. म्हणून वापरणाऱ्याला काही बंद झालंय हे कळायचंच नाही.

२००८ मध्ये अँड्रॉइड आलं. इथे स्क्रीन ताटांसारख्या एकावर एक रचलेल्या. बॅक दाबलं की वरचं ताट उचललं जातं. मागे पडलेली अ‍ॅप्स जिवंत राहतात खरी, पण मेमरी कमी पडली की सिस्टीम त्यांना न विचारता मारून टाकते. ताटांचा क्रम तेवढा लक्षात ठेवते, नि आधी एक चिठ्ठी लिहू देते. तिचं नाव बंडल. परत आलात की त्या चिठ्ठीवरून स्क्रीन पुन्हा उभी.

कल्पना झकास! पण चिठ्ठीत काय लिहायचं हे बरंचसं प्रोग्रामरवर सोडलेलं. नि गोची अशी, की प्रोग्रामरच्या महागड्या फोनवर अ‍ॅप सहसा मरतच नाही. फोन आडवा केला की स्क्रीन नव्यानं बनते, तेवढं मात्र दिसतं. मग अनेकांनी स्क्रीन उभीच कुलूपबंद केली, झालं काम!

२०१७ साली गूगलनं व्ह्यूमॉडेल दिलं. ते फोन फिरवल्यावर टिकतं, पण प्रोसेस मेली की तेही जातं. ती उणीव २०२० मध्ये सेव्हडस्टेटहँडलनं भरली. पण चिठ्ठी लहानच. अख्खा फोटो त्यात कोंबता येत नाही. तिच्यात नोंदीचा क्रमांक लिहायचा, बाकी ऐवज डेटाबेसात.

नावं बदलली, प्रश्न पामच्या काळातलाच. नि फटका बसतो तो कमी मेमरीच्या स्वस्त फोनवाल्याला, ज्याला तो फॉर्म बहुधा जास्त गरजेचा असतो.

अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज' नावाची कळ आहे. ती चालू करा नि स्वतःचाच फॉर्म भरून बघा.