घरच्या घरी स्कूटरला ऑइलपेंट: फोड का येतात?

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघीला, खाडीच्या काठी. बाबांची जुनी, पत्र्याच्या बॉडीची स्कूटर सारखी आगरदांड्याच्या फेरीबोटीत चढते. दोन वर्षांपूर्वी मी हौसेने तिला घरीच ऑइलपेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल मारला. एका पावसाळ्यात फुटबोर्डवर फोड आले आणि रंग नखाने सोलून निघायला लागला. गॅरेजचे पैसे वाचवायला गेलो आणि पत्राच जायची वेळ आली.

दोष रंगाचा नव्हता, खाली राहिलेल्या मिठाचा होता. मीठ ओलावा ओढतं. रंग कितीही चकचकीत दिसला तरी त्यातून थोडा ओलावा आत जातोच. तो मिठापाशी साचला की फोड येतो आणि खालून गंज पसरतो. म्हणून यंदा गाडी आधी गोड्या पाण्याने धुतली, पॉलिश पेपरने (१२० नंबर, मग २२०) पत्रा दिसेपर्यंत गंज काढला आणि पुन्हा धुतली. हे दुसरं धुणंच मी मागच्या वेळी टाळलं होतं. उन्हात खडखडीत वाळवून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारला, कारण आमच्याकडे उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो.

आता वाळण्याचं. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो. आपल्या इनॅमलमधलं टर्पेंटाइन आधी उडून जातं, मग हवेतला ऑक्सिजन घेत रंग हळूहळू कडक होतो, तोही वरून खाली. जाड हात मारला की वर साय धरते आणि आत मऊच राहतं. म्हणून दोन पातळ हात, मध्ये एक रात्र. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. मी आठवडाभर गाडी बाहेर काढली नाही (बाबांची बोलणी खाल्ली). पातळ करायला टर्पेंटाइनच वापरा, पेट्रोल नको. या रंगावर एनसी थिनरवाला स्प्रेही नको, खालचा थर सुरकुततो. टाकीच्या झाकणापाशी पेट्रोल सांडलं तर लगेच पुसा, इनॅमल मऊ पडतो.

रंगच बदलणार असाल तर आरसीवर जुना रंग लिहिलेला असतो, तेव्हा आधी आरटीओत विचारा. आणि मिलिटरी लुकसाठी ऑलिव्ह ग्रीन तर नकोच: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो.