उद्याननगर

उद्याननगर : भोवती शेतजमिनीचा कायमचा पट्टा राखून, मर्यादित लोकवस्तीसाठी मुद्दाम वसविलेले आणि घरे, उद्योग, बाजार व उद्याने यांची एकत्र योजना असलेले नगर. ही संकल्पना एबेनीझर हॉवर्ड (१८५०–१९२८) या इंग्रज लघुलेखकाने १८९८ मध्ये मांडली. व्यवहारात मात्र झाडी, बागा व बैठी घरे असलेल्या कोणत्याही वसाहतीस ही संज्ञा लावण्याचा प्रघात पडला आहे. मूळ कल्पनेत बागेला महत्त्व होतेच. तथापि तिचा पाया जमिनीच्या मालकीचा होता. नगराची सर्व जमीन रहिवाशांच्या वतीने विश्वस्तांकडे राहावी आणि वस्ती वाढल्यामुळे जमिनीला जे मोल चढते, ते खाजगी मालकाकडे न जाता नगराच्याच तिजोरीत यावे, असा हॉवर्डचा आग्रह होता. उद्याननगरांचा इतिहास हा बह्वंशी या आग्रहाचे पुढे काय झाले, याचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील शेती डबघाईला आली होती आणि खेडी ओस पडत होती. उलट शहरांत माणसांची दाटी होत होती. १९०१ च्या जनगणनेत बृहत् लंडनची लोकसंख्या ६५ लाखांवर गेलेली आढळते. कामगारांच्या वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्या, सांडपाणी व रोगराई यांची चौकशी करणारे अहवाल निघत होते. परंतु गलिच्छ वस्ती पाडली, की तेथील जमिनीचे भाव वाढत आणि मूळचा रहिवासी शेजारच्या तितक्याच गलिच्छ वस्तीत जाऊन पडे. काही उदार कारखानदारांनी कामगारांसाठी स्वतंत्र गावे वसविली होती. साबणाच्या कारखानदार लीव्हरचे पोर्ट सनलाइट (१८८८) व चॉकलेटच्या कारखानदार कॅडबरीचे बोर्नव्हिल (१८९५) ही त्यांपैकी प्रसिद्ध होत. तेथील घरे चांगली होती. पण ती मालकाच्या मर्जीवर उभी होती.

हॉवर्ड हा वास्तुशिल्पज्ञ नव्हता, अभियंताही नव्हता. १८७१ मध्ये तो अमेरिकेला गेला, नेब्रॅस्कात शेती करून पाहिली आणि ती फसल्यावर शिकागोत लघुलेखनावर उपजीविका करू लागला. १८७६ मध्ये मायदेशी परतल्यावर संसदेच्या कामकाजाची टिपणे घेण्याचा व्यवसाय त्याने पत्करला. जमिनीच्या प्रश्नावरील वादविवाद त्याच्या कानांवर रोजच पडत असणार. हेन्री जॉर्ज या अमेरिकन अर्थचिंतकाने जमिनीच्या अनर्जित मूल्यवाढीवर केलेली टीका, टॉमस स्पेन्सने १७७५ मध्ये मांडलेली जमिनीच्या ग्रामसामायिक मालकीची कल्पना आणि एडवर्ड बेलामीची भावी समाजाचे चित्र रंगविणारी कादंबरी (१८८८) यांचे संस्कार त्याच्या विचारांवर झाले. स्वतः हॉवर्डने आपली योजना म्हणजे पूर्वसूरींच्या प्रस्तावांचा मिलाफ असल्याचे मोकळेपणाने सांगितले आहे.

१८९८ मध्ये त्याचे टुमॉरो : अ पीसफुल पाथ टू रिअल रिफॉर्म हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९०२ मध्ये ते गार्डन सिटीज ऑफ टुमॉरो या नावाने पुन्हा निघाले. नाव बदलताना ‘सुधारणेचा शांततामय मार्ग’ हा भाग गळला आणि ‘उद्यान’ तेवढे पुढे आले, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने सूचक म्हणावी लागेल.

पुस्तकातील तीन लोहचुंबकांची आकृती विशेष गाजली. शहर हे एक चुंबक, खेडे हे दुसरे. प्रत्येकात काही ओढ व काही जाच. या दोहोंचे गुण एकवटणारे तिसरे चुंबक म्हणजे उद्याननगर. त्यासाठी हॉवर्डने ६,००० एकर (सु. २,४२८ हेक्टर) जमीन कल्पिली. तीपैकी मधल्या १,००० एकरांत नगर व भोवतालच्या ५,००० एकरांत शेती, कुरणे आणि वने असावयाची होती. लोकसंख्या ३२,००० ठरली होती. ३०,००० नगरात आणि २,००० शेतपट्ट्यात. वर्तुळाकार नगराच्या मध्यभागी बाग, तिच्याभोवती सार्वजनिक इमारती, मग १४५ एकरांचे मध्यवर्ती उद्यान, त्यापलीकडे घरांची वर्तुळे आणि सर्वांत बाहेर लोहमार्गालगत कारखाने, अशी ही मांडणी होती. ही केवळ आकृती असून प्रत्यक्ष आराखडा जागा पाहूनच ठरवावा, अशी सूचना हॉवर्डने आकृतीवरच लिहून ठेवली होती. नगर भरले की शेतपट्ट्यात घरे न बांधता पलीकडे दुसरे नगर वसवावे आणि अशा नगरांचा समूह लोहमार्गाने जोडावा, अशी त्याची पुढील पायरी होती. सहा नगरे व ५८,००० वस्तीचे एक मध्यवर्ती नगर मिळून सु. अडीच लाख माणसे अशा समूहात राहू शकतील, असा त्याचा हिशेब होता.

या पुस्तकाचा खरा गाभा हिशेबाच्या प्रकरणांत आहे. शेतजमिनीच्या भावाने, म्हणजे एकरी ४० पौंडांनी, २,४०,००० पौंडांची जमीन कर्जरोख्यांवर घ्यावयाची. कोणालाही ती विकावयाची नाही. घरे, दुकाने, कारखाने व शेते यांसाठी भाडेपट्ट्याने द्यावयाची. माणशी सरासरी दोन पौंड धरले, तर भुईभाडे व स्थानिक कर मिळून वर्षाला ६४,००० पौंड जमतात. त्यांपैकी ९,६०० पौंड चार टक्क्यांनी व्याजाचे आणि ४,४०० पौंड तीस वर्षांत मुद्दल फेडणाऱ्या कर्जनिवारण निधीचे. उरलेले ५०,००० पौंड रस्ते, शाळा, उद्याने व इतर नगरकार्यांसाठी मोकळे राहतात. कर्ज फिटल्यावर तर वृद्धांना निवृत्तिवेतन देण्याइतका पैसा नगरापाशी असेल. भाडे मुदतीमुदतीने वाढत जावे, असेही त्याने सुचविले होते. कारण वाढलेले मोल नगराला मिळण्याचा मार्ग तोच होता. भांडवलदार व समाजवादी अशा दोघांनाही आपली योजना पटेल, असा त्याला विश्वास वाटे. दोघांनीही तिच्याकडे बराच काळ संशयाने पाहिले.

१८९९ मध्ये उद्याननगर संघटना स्थापन झाली. १९०३ मध्ये तिच्या पुढाकाराने ‘फर्स्ट गार्डन सिटी लिमिटेड’ ही कंपनी नोंदविण्यात आली आणि लंडनच्या उत्तरेस हार्टफर्डशर परगण्यात लेचवर्थ येथे ३,८१८ एकर (सु. १,५४५ हेक्टर) जमीन घेण्यात आली. बॅरी पार्कर व रेमंड अन्विन या वास्तुशिल्पज्ञांचा आराखडा १९०४ मध्ये मान्य झाला. त्यात हॉवर्डची वर्तुळे नाहीत. जमिनीचे चढउतार व जुनी झाडे सांभाळून रस्ते आखलेले आहेत. वारे बहुधा पश्चिमेकडून वाहत असल्याने कारखान्यांना पूर्वेची बाजू देण्यात आली. १९०५ मध्ये १५० पौंडांत बांधता येणाऱ्या स्वस्त घरांचे प्रदर्शन भरले आणि ते पाहण्यास हजारो लोक आले. आरंभीच्या रहिवाशांत शाकाहारी, हस्तकलांचे भोक्ते व नाना पंथांचे सुधारक बरेच होते. वृत्तपत्रांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली. नगरात दारूचे दुकान नव्हते. ‘स्किटल्स इन’ या पथिकागृहातही मद्य मिळत नसे.

कंपनीचे दुखणे निराळेच होते. लाभांशावर पाच टक्क्यांची मर्यादा असल्याने भागभांडवल सावकाश जमले, कर्ज चढले आणि पहिली सु. दहा वर्षे भागधारकांना लाभांश मिळाला नाही. मुदतीमुदतीने भाडे वाढविण्याच्या अटीवर कारखानदार यावयास तयार होईनात. अखेरीस ती अट सोडून स्थिर भाड्याचे ९९ वर्षांचे पट्टे देण्यात आले. यामुळे नगर वसले. पण वाढीव मोल नगराकडे आणणारी वाट एका शतकापुरती अरुंद झाली. ही तडजोड टाळता आली असती, असे म्हणणे कठीण आहे. १५० पौंडांचे घरही अकुशल मजुराला परवडत नसे, त्यामुळे नगरात कामाला येणारे पुष्कळ मजूर आसपासच्या जुन्या गावांत राहत.

यानंतर चळवळीचे लक्ष हळूहळू जमिनीवरून घराकडे वळले. १९०७ मध्ये हेन्‍रिएटा बार्नेट यांच्या पुढाकाराने लंडनलगत हॅम्पस्टेड उद्यान-उपनगराचे काम सुरू झाले. त्याचा आराखडाही अन्विन व पार्कर यांचाच. एकरी सरासरी आठ घरे, कुंपणांऐवजी हिरव्या वई आणि बंद टोकाचे छोटे रस्ते यांमुळे ते देखणे झाले. मात्र तेथे उद्योग नव्हते आणि पोटापाण्यासाठी रहिवाशांना लंडनला जावे लागे. अन्विनने १९१२ मध्ये एका पुस्तिकेत असे दाखवून दिले, की एकरी घरे कमी ठेवल्यास रस्त्यांवरील खर्च वाचतो आणि दाटीने मालकाला वाटतो तितका फायदा होत नाही. एकरी १२ घरांचे त्याचे प्रमाण १९१८ च्या ट्यूडर वॉल्टर्स समितीच्या अहवालात आले आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या सरकारी घरबांधणीने ते उचलले. लक्षावधी कामगार कुटुंबांना त्यामुळे उजेडाचे घर व मागे परसू मिळाले. उद्याननगर-चळवळीची ही सर्वांत मोठी प्रत्यक्ष देणगी होय, मग ती हॉवर्डच्या मूळ योजनेपासून कितीही दूर असो.

हॉवर्ड स्वतः मात्र नगरांचाच ध्यास घेऊन होता. १९१९ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, सहकाऱ्यांचा सल्ला डावलून त्याने वेल्विन येथील जमीन लिलावात घेतली. अनामत रकमेसाठी त्याला उसनवारी करावी लागली. लूई द स्वासाँ याच्या आराखड्यानुसार वेल्विन गार्डन सिटी उभी राहिली व तेथेच १९२८ मध्ये हॉवर्ड मरण पावला. पुढे १९३४ मध्ये कंपनीच्या फेररचनेत लाभांशावरील मर्यादा उठविण्यात आली आणि वेल्विनचे वेगळेपण आर्थिक अंगाने संपले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ च्या नवनगर अधिनियमाने हे काम शासनाकडे गेले. स्टीव्हनेजपासून आरंभ होऊन १९५० पर्यंत १४ नवनगरे घोषित झाली. वेल्विनही त्यांत समाविष्ट झाले. जमीन सार्वजनिक झाली, पण ती नगरवासीयांची झाली नाही. विकास निगमांनी मिळविलेली मालमत्ता पुढे मुख्यत्वे मध्यवर्ती आयोगाकडे गेली व बरीचशी विकली गेली.

इतर देशांत या कल्पनेची बाह्य रूपे झपाट्याने पसरली. जर्मनीत ड्रेझ्डेनजवळ हेलेराऊ (१९०९) आणि जपानमध्ये १९१८ साली स्थापन झालेल्या कंपनीने टोकिओलगत वसविलेले देनेन्चोफू ही त्याची उदाहरणे होत. अमेरिकेत क्लॅरेन्स स्टाइन व हेन्री राइट यांनी न्यू जर्सी राज्यात रॅडबर्न (१९२९) वसविताना मोटारींचे रस्ते व पायवाटा एकमेकींपासून अलग केल्या. ही युक्ती जगभरच्या वसाहतींनी उचलली. आर्थिक मंदीमुळे ते नगर अपुरेच राहिले, हरितपट्टा व उद्योग आलेच नाहीत.

भारतात ही कल्पना दोन निरनिराळ्या वाटांनी आली. नवी दिल्लीच्या आखणीत रुंद वृक्षराजीचे रस्ते व विस्तीर्ण आवारांतील बंगले आहेत. तिचा एक शिल्पकार एडविन लट्यन्स याने हॅम्पस्टेडचा मध्यचौकही रचला होता. परंतु तेथील बंगल्यांची विरळ वस्ती अधिकाऱ्यांच्या दर्जानुसार वाटलेली होती. हॉवर्डच्या ३२,००० माणसांच्या दाट व मिश्र नगराशी तिचे नाते नावापुरतेच. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंगा भागात जमीन संपादून आखीव रस्ते, मोकळी मैदाने व बागा ठेवल्या आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. पारशी कॉलनीतील पाच बागा आजही त्याची साक्ष देतात. येथे बैठी घरे मात्र टिकली नाहीत. पगारदार मध्यमवर्गाच्या ऐपतीला सदनिकाच झेपत होती, त्यामुळे तीन मजली इमारतींचे उपनगर तयार झाले. मुंबई विद्यापीठात १९१९ ते १९२४ या काळात समाजशास्त्राचे प्राध्यापक असलेले पॅट्रिक गेडीस हे उद्याननगर-चळवळीचे सहानुभूतिदार होते. तथापि जुन्या वस्त्या सरसकट पाडून नवी आखणी करण्यास त्यांचा विरोध असे.

दुसरी वाट कायद्याची. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने मालकांच्या जमिनी एकत्र करून त्यांची फेरआखणी करण्याची आणि योजनेमुळे वाढलेल्या मूल्याचा काही भाग सुधारणा-अंशदान म्हणून वसूल करण्याची तरतूद केली. १९५४ व १९६६ च्या अधिनियमांतून ही पद्धत पुढे चालू राहिली. मूल्यवाढ नगराकडे आणण्याचा सर्वांत मोठा प्रयोग १९७० नंतर नवी मुंबईत झाला. ९५ गावांची जमीन संपादून ती सिडको या शासकीय कंपनीकडे देण्यात आली. भूखंड साठ वर्षांच्या पट्ट्याने देऊन त्या उत्पन्नातून रस्ते, पाणी व रेल्वेचा खर्च भागवावयाचा, असे धोरण होते. हॉवर्डच्या हिशेबाशी त्याचे साम्य उघड आहे.

हॉवर्डने न विचारलेला प्रश्न मात्र येथे उभा राहिला. त्याच्या आकृतीत शेतकरी हा नगराचा सुखी शेजारी होता. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी शेतकऱ्याची जमीन नगराच्या पोटातच गेली. वाढलेल्या मोलात मूळ मालकाचा वाटा किती, या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्राइतका विकसित भूखंड परत देण्याची योजना शासनाने जाहीर केली.

लेचवर्थमध्येही मूल्यवाढीचा झगडा अटळ ठरला. १९६० च्या सुमारास एका बाहेरच्या कंपनीने भाग विकत घेऊन नगराच्या जमिनीवर ताबा मिळविला. रहिवासी व नगरपरिषद यांनी संसदेत खाजगी विधेयक नेऊन १९६२ चा अधिनियम संमत करून घेतला आणि जमीन एका सार्वजनिक निगमाकडे आली. १९९५ मध्ये तिची जागा लेचवर्थ वारसा प्रतिष्ठानाने घेतली. दुकाने, कारखाने व शेते मिळून सु. साडेपाच हजार एकरांची मालमत्ता त्याच्याकडे असून तिचे उत्पन्न नगरातच खर्च होते. घरांच्या पट्टेदारांना मात्र १९६७ च्या कायद्याने जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाल्यामुळे बरीच घरे सामायिक मालकीतून बाहेर पडली आहेत. २०११ च्या जनगणनेत लेचवर्थची लोकसंख्या सु. ३३,००० होती.