कॉफीचं दळण

कॉफीचा इतिहास बहुतेक वेळा पिणाऱ्यांच्या बैठकींवरून सांगितला जातो. सोळाव्या शतकातले इस्तंबूलचे कहवेखाने, 1652 साली पास्क्वा रोझेनं लंडनमध्ये थाटलेलं दुकान, मग पॅरिस, व्हिएन्ना, आणि आपल्याकडे इंडिया कॉफी हाउस. या बैठकींत राजकारण शिजलं, वर्तमानपत्रं वाचली गेली, तेव्हा त्यांच्याकडे लक्ष जाणं साहजिक आहे. दळणाचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही. भाजलेली बी कुणी, कुठे आणि कपात पडण्याच्या किती आधी दळली, एवढा एकच प्रश्न धरून चाललं तरी गेल्या दीडशे वर्षांतल्या बऱ्याच युक्त्या, पत्र्याच्या डब्यापासून कॅप्सूलपर्यंत, उलगडत जातात. ओट्यावर कॅप्सूलचं यंत्र ठेवावं की बिया आणून घरीच दळाव्यात, हा वाद आज चवीचा आणि सोयीचा म्हणून घातला जातो. माझ्या मते तो ताब्याचा वाद आहे. दाणा कोणता, दळण किती बारीक, पूड किती, हे ठरवण्याचा हक्क कुणाकडे राहतो, यावर तो येऊन ठेपतो.

दळणाला एवढं महत्त्व का, हे बीच्या घडणीवरून कळतं. भाजताना बीत कर्बवायू कोंडला जातो आणि शेकडो सुगंधी द्रव्यं तयार होतात. बी अख्खी असेपर्यंत हा ऐवज काही आठवडे बऱ्यापैकी सांभाळून ठेवते. दळल्याबरोबर हवेला लागणारा तिचा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो, कोंडलेला वायू निसटतो, तेलांना हवा लागते आणि वास उतरू लागतो. बाजरीचं पीठ चार दिवसांत कडवट होतं म्हणून ते थोडंथोडंच दळून आणायचं, हे ज्या घरांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको. दुसरी गोष्ट एकसारखेपणाची. कॉफीची चांगली चक्की म्हणजे छोटं जातंच. दोन दातेरी चकत्या आणि त्यांच्यातलं अंतर कमीजास्त करायची सोय. त्या अंतरावर चव ठरते, कारण बारीक पुडीतून पाणी सावकाश उतरतं आणि जाड पुडीतून भरभर. मिक्सरची पाती बी नुसती तोडतात. त्यातून भुकटी आणि कण्या एकदमच निघतात. भुकटीतून कडूपणा जास्त उतरतो आणि कण्यांतला कस आतच राहतो.

फार काळ हे सगळं घरातच होत असे. इथिओपियात आजही पाहुण्यांसमोर हिरव्या बिया भाजतात, उखळात कुटतात आणि जबेना नावाच्या मातीच्या भांड्यात उकळतात. बी ते कप हे सगळं अंतर एका बैठकीत संपतं. इस्तंबूलमध्येही लोक हिरवी कॉफी विकत आणून घरी भाजत आणि उखळात किंवा हातचक्कीत दळत. तिथल्या मेहमेत एफेंदी नावाच्या दुकानदारानं 1871 साली भाजून दळलेली तयार पूड विकायला सुरुवात केली आणि ते दुकान अजून चालू आहे. फ्रान्समध्ये प्यूजो घराणं 1840 पासून कॉफीच्या चक्क्या बनवत होतं, मोटारींच्या जवळजवळ अर्धं शतक आधी. घरोघरी चक्की लागत होती म्हणूनच तो धंदा उभा राहिला.

दळण घराबाहेर गेलं तेव्हा पहिला बळी गेला विश्वासाचा. अख्खी बी डोळ्यांना दिसते, पुडीत काय मिसळलंय ते दिसत नाही. आर्थर हिल हॅसल या इंग्रज डॉक्टरनं 1850 च्या सुमारास लंडनच्या दुकानांतली कॉफी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. 34 नमुन्यांपैकी शुद्ध निघाले फक्त 3. बाकीच्यांत चिकरी होती, आणि काहींत तर भाजलेलं धान्यही. चिकरीला माझी हरकत नाही. दक्षिणेत ती लोक सांगून, मोजून घालून घेतात. हरकत आहे ती न सांगता घातलेल्या चिकरीला. इथून पुढे कॉफीच्या व्यापारात वेष्टन आणि छापील नाव यांना जे महत्त्व आलं, ते बऱ्याच अंशी या गेलेल्या विश्वासाची भरपाई म्हणून आलं, असं मला वाटतं. अमेरिकेत जॉन अरबकल यांनी भाजलेल्या बियांवर साखर आणि अंड्याचा लेप देऊन त्या कागदी पुड्यांतून ‘अरिओसा’ या नावानं देशभर विकल्या. भाजणं कारखान्यात गेलं, दळण मात्र अजून घरातच होतं. 1900 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स ब्रदर्सनी निर्वात डबा आणला आणि दळलेली पूडही महिनोन्महिने दुकानात टिकू लागली. 1938 मध्ये आलेल्या नेसकॅफेनं तर दळणाबरोबर गाळणंही कारखान्यात नेलं. कपापासून दळण जितकं लांब गेलं तितकं वेष्टन घट्ट करावं लागलं. कॅप्सूल हे याच वाटेवरचं पुढचं ठाणं आहे: एका कपापुरता आकसलेला निर्वात डबा.

डब्यातल्या कॉफीनं चवीचा जो ऱ्हास केला त्याला दोन उत्तरं मिळाली आणि दोन्ही जवळपास एकाच दशकातली आहेत. पहिलं उत्तर मागे वळण्याचं. अल्फ्रेड पीट यांनी 1966 साली बर्कलीमध्ये ताज्या भाजलेल्या बियांचं दुकान काढलं. 1971 मध्ये सिॲटलला सुरू झालेलं पहिलं स्टारबक्स तयार कॉफीऐवजी बियाच विकत असे. घरच्या चक्कीला पुन्हा दिवस आले ते या दुकानांमुळे. त्यामुळे आज घरी दळणारा माणूस अखंड चालत आलेली जुनी रीत पाळतो, असं म्हणता येणार नाही. तुटलेली रीत त्यानं जाणूनबुजून परत जोडलेली आहे. दुसरं उत्तर पुढे पळण्याचं. नेस्लेचे अभियंते एरिक फावर यांना इटलीच्या बारमधली एस्प्रेसो कुणालाही घरबसल्या काढता यावी असं वाटत होतं. 1976 साली त्यासाठीच्या कॅप्सूलच्या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं, नेस्प्रेसो ही कंपनी 1986 मध्ये निघाली, आणि सुरुवातीला ती चाललीच नाही. कचेऱ्यांना यंत्रं विकण्याचा बेत फसला. जाँ-पॉल गायार यांनी 1988 पासून मोर्चा श्रीमंत घरांकडे वळवला आणि ग्राहकांचा क्लब काढून कॅप्सूल थेट त्यांच्या दारी पोचवली, तेव्हा धंद्यानं जोर धरला. यंत्र एकदाच विकलं जातं, कॅप्सूल रोज लागते.

ताब्याचा मुद्दा इथे उघड होतो. कॅप्सूल चवीच्या जोरावरच टिकणार असती तर तिला कुलपाची गरज पडली नसती. नेस्प्रेसोची मूळ पेटंटं 2012 च्या सुमारास संपत आली तशा इतर कंपन्यांच्या कॅप्सूल बाजारात आल्या, आणि त्यांतली एक कंपनी खुद्द गायार यांचीच होती. पुढे बरीच वर्षं कोर्टकज्जे चालले. 2014 साली फ्रान्सच्या स्पर्धा नियामकापुढे नेस्प्रेसोला हमी द्यावी लागली की यंत्रात बदल करायचा असेल तर इतर कॅप्सूलवाल्यांना आधी कळवलं जाईल. त्याच वर्षी अमेरिकेत क्यूरिग कंपनीनं कॅप्सूलच्या झाकणावरची खास शाई ओळखणारं यंत्र आणलं. ती शाई नसलेली कॅप्सूल ते यंत्र स्वीकारतच नसे. लोक इतके संतापले की वर्षभरात कंपनीला चूक कबूल करून पुन्हा भरता येणारी कॅप्सूल परत आणावी लागली. हे सगळे झगडे कॉफीच्या गुणाबद्दल झालेच नाहीत. ओट्यावरच्या यंत्रात कुणाची कॉफी जाईल हे कोण ठरवणार, यावरून ते झाले.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप कष्टांचा आहे. घरच्या दळणाचं कौतुक करणारे ते दळण कुणाच्या हातांनी होत होतं हे विसरतात, असं कुणी म्हटलं तर ते खरंच आहे. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईच्या ओव्या गोड वाटल्या तरी खुंटा ओढणारे हात तिचेच होते, आणि गावात गिरणी आली तेव्हा तिची सुटका झाली. तो जाच परत आणावा असं मी म्हणणार नाही. पण गिरणीनं नेमकं काय नेलं आणि काय ठेवलं, ते पाहिलं पाहिजे. गिरणीनं कष्ट नेले; धान्य घरचंच राहिलं. डबा घेऊन गेलेली बाई सांगते, भाकरीचं आहे, बारीक दळा. लाडवाचं आहे, रवाळ ठेवा. बाजरीवर गहू टाकू नका. मुंबईत माटुंग्याला दाक्षिणात्य वस्तीबरोबर आलेल्या कॉफीच्या दुकानांची तीच तऱ्हा. दाण्यांत पीबेरी किती, प्लँटेशन ए किती, चिकरी घालायची की नाही, दळण फिल्टरचं की आणखी कशाचं, हे गिऱ्हाईक सांगतं आणि चक्की त्याच्यासमोर फिरते. म्हणजे कष्ट सोडवायचे तर ताबाही सोडावा लागतो, असं नाही. विजेवरची चक्की घरीही तेच काम अर्ध्या मिनिटात करते. कॅप्सूलनं कष्टांच्या बदल्यात जे घेतलं, ते गिरणीनं कधी मागितलं नव्हतं.

दुसरा आक्षेप ताजेपणाचा आणि नासाडीचा, आणि त्यातही तथ्य आहे. फोडून महिनाभर फडताळात पडलेल्या पुडीपेक्षा ॲल्युमिनियममध्ये हवाबंद केलेली पूड निश्चित बरी. मराठी घरांत दुधात उकळलेल्या कॉफीवर जायफळ ऐन वेळी किसून घालतात आणि कॉफी मात्र जुन्या डब्यातली घेतात. तिथे कॅप्सूलपुढे हार मानलीच पाहिजे. पूड मोजून भरलेली असल्यानं कपामागे कॉफीही कमी लागते. कॉफीच्या पर्यावरणीय भाराचा मोठा वाटा मळ्यातला असतो, त्यामुळे भांडंभर कॉफी करून अर्धी मोरीत ओतणाऱ्यानं कॅप्सूलवाल्याला नावं ठेवू नयेत. मात्र मोजून घालणं हा गुण चमच्याचा आणि तराजूचा आहे, त्यासाठी वेष्टन लागत नाही. एका कॅप्सूलमध्ये साधारण 5 ग्रॅम पूड धरली तर एका किलोसाठी 200 वेष्टनं होतात, आणि तीच किलोभर बी एका पिशवीत मावते. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवता येतं हे खरं, पण आधी ते कुणीतरी गोळा करून, आतला चोथा वेगळा काढून पाठवायला हवं. हॅम्बुर्ग शहरानं 2016 मध्ये सरकारी पैशानं कॅप्सूल घ्यायला मनाई केली ती याच कचऱ्यामुळे.

उरतो खर्चाचा प्रश्न. एकसारखं दळणारी विजेची चक्की महाग असते आणि घरी दळणं हा सुखवस्तूंचा छंद होऊन बसलाय, असं म्हणणाऱ्यांना मी खोटं ठरवणार नाही. हातचक्की पुष्कळ स्वस्त असते, पण रोज सकाळी ती फिरवणं सगळ्यांना जमेल असंही नाही. अशांसाठी कोपऱ्यावरची कॉफीची गिरणी उरली पाहिजे, आठवड्याला पावशेर दळून देणारी. आणि ज्यांच्या ओट्यावर यंत्र आधीच आलंय त्यांच्यासाठी बाजारात आता पोलादी कॅप्सूल मिळते, पुन्हापुन्हा भरता येणारी. तिच्यात पूड मात्र आपली आपण घालावी लागते, आणि दळण जरा जाड राहिलं तर पाणी सरळ निसटून कपात पातळ, आंबट काढा उतरतो. म्हणून ती विकत घेणाऱ्याला थोड्याच दिवसांत चक्कीही घ्यावी लागते.