मक्केतलं घर कुणाच्या नावावर?

हजसाठी निवड झालेल्यांची नावं ठरली की हैदराबादेत आणखी एक सोडत निघते. ती असते मक्केतल्या निजामाच्या रुबातीसाठी. रुबात म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी धर्मादाय केलेली इमारत. चिठ्ठी निघाली की मक्केतल्या राहण्याचं भाडं वाचतं, आणि हजच्या एकूण खर्चात हे भाडं लहान नसतं. अट एकच. यात्रेकरू जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखातला हवा. म्हणजे तेलंगण, कर्नाटकातले बीदर, कलबुर्गी, रायचूरकडचे जिल्हे आणि आपला मराठवाडा.

तुळजापूरचा हाजी या सोडतीत बसतो, म्हसवडचा बसत नाही. म्हसवडहून पंढरपूर, सोलापूर करत तुळजापूर गाठायला अर्धा दिवसही पुरतो. पण म्हसवडचा माण तालुका इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होता, शेजारची आटपाडी औंधच्या पंतांकडे, आणि तुळजापूर निजामाकडे. निजामाचं राज्य सप्टेंबर 1948 मध्ये संपलं. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 पासून ही सगळी गावं एकाच महाराष्ट्रात आहेत. मुंबईला पुसली गेलेली ही सीमा मक्केत मात्र अजून शाबूत आहे.

असं का, हे समजायचं तर परक्या देशात घर घेण्याचा इतिहास पाहावा लागतो.

माणदेशाला परमुलखात घर करणं नवं नाही. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामात, देशभर पसरली. केरळात, तामिळनाडूत, बंगालात त्यांनी दुकानं थाटली आणि पुढे जागाही घेतल्या. भाषा परकी असली तरी देश आपलाच होता. पैसे मोजले, खरेदीखत झालं, नाव लागलं. देशाची हद्द ओलांडली की एवढ्यावर भागत नाही. तिथं विक्रेत्याच्या आधी सरकार विचारतं, तू कोण, कुणाची रयत?

हा प्रश्न हिजाजमध्ये फार स्पष्टपणे विचारला गेला. उस्मानी सल्तनतीने 1867 मध्ये कायदा करून परदेशी नागरिकांना आपल्या राज्यात स्थावर मालमत्ता घ्यायची परवानगी दिली. त्यातून एकच प्रांत वगळला, हिजाज. मक्का आणि मदिना याच प्रांतात. वरवर पाहता यात नवल नाही, कारण बिगर मुस्लिमांना या शहरांत प्रवेशच नव्हता. खरी अडचण हिंदुस्थानी मुसलमानांची होती. ते मुस्लिम होते, त्यामुळे येऊ शकत, राहू शकत, लग्न करून स्थायिक होऊ शकत. पण कागदोपत्री ते इंग्रजांची रयत होते. आज हिंदुस्थानी व्यापाऱ्याने मक्केत घर घेतलं आणि उद्या त्यावरून तंटा झाला, तर जेद्द्याचा इंग्रज वकील आपल्या रयतेच्या हक्कासाठी मध्ये पडणार, ही इस्तंबूलची भीती होती. 1880 च्या दशकात उस्मानी सरकारने हिजाजमधली खरेदी परदेशी मुस्लिमांनाही बंद केली. हिंदुस्थानी, जावाचे, अल्जीरियाचे, सगळे त्यात आले. धर्म एक असूनही राज्य वेगळं, एवढं कारण पुरलं. ‘उम्मत’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. मक्केच्या जमिनीच्या दफ्तरात तो चालला नाही.

खुद्द फिकहमध्येही मक्केच्या जमिनीवर वाद जुना आहे. कुरआनात स्थानिक आणि बाहेरून आलेला यांचा या मशिदीवर सारखाच हक्क सांगितला आहे. हा हक्क फक्त मशिदीपुरता की साऱ्या शहराचा, यावर मतं फुटली. इमाम अबू हनीफांना मक्केची जमीन विकणं आणि हजच्या दिवसांत यात्रेकरूंकडून भाडं घेणं पसंत नव्हतं. इमाम शाफईंनी खरेदी-विक्री ग्राह्य मानली. आपल्याकडे देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी, कोकणातले शाफई. पण भाडं दोघांनाही सारखंच भरावं लागतं.

मग हिंदुस्थानी लोकांच्या इमारती तिथं उभ्या राहिल्या कशा? वक्फच्या वाटेने. 1857 नंतर मौलाना रहमतुल्लाह कैरानवी इंग्रजांपासून जीव वाचवून मक्केला पोचले. मागे त्यांची मालमत्ता जप्त झाली. त्यांनी 1870 च्या दशकात मक्केत मदरसा उभा केला. पैसा दिला कलकत्त्याच्या सौलतुन्निसा बेगम यांनी, म्हणून नाव ‘सौलतिया’. तो आजही चालतो. हैदराबाद, भोपाळ यांसारख्या संस्थानांनी रुबाती केल्या. घर घ्यायचं आणि लगेच सोडून द्यायचं, अशी ही रीत. वक्फ झालं की ते ना निजामाचं, ना त्याच्या वारसांचं. विकता येत नाही, वाटून घेता येत नाही. मुतवल्ली फक्त राखणदार. आणि वक्फ करणाऱ्याने घातलेली अट शरियतच्या हुकमासारखी पाळायची. निजामाने आपल्या रयतेसाठी म्हटलं, ते आजही ‘त्याच्या रयतेसाठी’च आहे. म्हसवडचा हाजी बाहेर राहतो तो या अटीमुळे, आणि राज्य बुडूनही तुळजापूरच्या हाजीला खोली मिळते तीही याच अटीमुळे.

कागद ढिला पडला की काय होतं, ते केरळच्या केयी रुबातीत दिसतं. मलबारच्या मायनकुट्टी केयी या धनाढ्य व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ती बांधली. हरमच्या विस्तारात ती पाडली गेली आणि भरपाईची रक्कम सौदी खजिन्यात जमा झाली. पैसा कुणाचा, यावर इकडे घराण्याघराण्यांत वाद पेटला आणि तो वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. निजामाच्या रुबातींनाही विस्ताराची झळ लागली, पण देखभाल करणारं कुणीतरी कागद घेऊन उभं होतं.

सौदी राजवटीनेही उस्मान्यांचाच कित्ता गिरवला. 2000 च्या कायद्याने तिथं रीतसर राहणाऱ्या परदेशी माणसाला परवानगी घेऊन स्वतःपुरतं घर घेता येऊ लागलं, पण मक्का-मदिना सोडून. या दोन शहरांत वारसाहक्काची वाट तेवढी राहिली, आणि सौदी संस्थेकडे सोपवायच्या वक्फची. मुस्लिम परदेशी माणसाला दोन वर्षांपर्यंतचा भाडेकरार करता येई, पुढे नूतनीकरण. जुलै 2025 मध्ये सौदी मंत्रिमंडळाने नवा कायदा मंजूर केला. तो जानेवारी 2026 पासून लागू करायचं ठरलं. त्यानुसार सरकार आखून देईल त्या भागांत परदेशी लोकांना मालमत्ता घेता येईल. मक्का-मदिनेत घेणारी व्यक्ती मुस्लिम असली पाहिजे.

इकडून पैसा पाठवायची वाटही पूर्वीसारखी अरुंद नाही. रिझर्व्ह बँकेने 2004 मध्ये वर्षाला 25,000 डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली, ती आता 2,50,000 डॉलर आहे. म्हणजे सुमारे दीडशे वर्षांनी हिंदुस्थानी मुसलमानाला मक्केत स्वतःच्या नावावर घर घेण्याची शक्यता पुन्हा उघडली आहे. माणदेशातला शेतकरी बाजरी, मेंढरं आणि मुंबईला गेलेल्या पोराच्या पगारातून हजचे पैसे जमवतो. त्याला हवी असते महिनाभराची खोली, हरमपासून चालत जाता येईल अशी. ती ना या नव्या कायद्यात आहे, ना हैदराबादच्या सोडतीत.