क्रुसेडच्या काळातील जोगिणी

पोप दुसरा अर्बन याने १०९५ मध्ये फ्रान्समधील क्लेर्मों येथे पहिल्या क्रुसेडची, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाची, हाक दिली, ती शस्त्र धरणाऱ्यांसाठी. मठात व्रतस्थ राहणाऱ्यांनी जागचे हलावे, अशी त्याची इच्छा नव्हती. पुढच्याच वर्षी इटलीतील व्हालोम्ब्रोसाच्या मठवासीयांना त्याने पत्राने बजावले, की मठाधिपतीच्या परवानगीवाचून कोणी निघू नये. जोगिणींवरचे, म्हणजे ख्रिस्ती नन्सवरचे, बंधन तर आणखी कडक होते. त्यामुळे त्या काळच्या बखरींत जोगीण भेटते ती बहुधा नियम मोडलेली किंवा संकटात सापडलेली. तिचे रोजचे काम पाहायचे तर दानपत्रे आणि मठांचे नियम चाळावे लागतात.

आखेनचा आल्बर्ट हा बखरकार ट्रियरच्या एका जोगिणीची हकिकत सांगतो. तिचे नाव मात्र देत नाही. पीटर द हर्मिट या फिरत्या धर्मोपदेशकाच्या मागे निघालेल्या बेशिस्त जमावाबरोबर ती १०९६ मध्ये आशिया मायनरात पोहोचली आणि तुर्कांनी त्या जमावाची कत्तल केली तेव्हा कैद झाली. पुढच्या वर्षी तुर्कांचे निकिया शहर क्रुसेडरांच्या हाती पडल्यावर तिची सुटका झाली. सैन्यातील हेन्री नावाच्या सरदाराने तिच्यासाठी रदबदली केली आणि पोपचा प्रतिनिधी बिशप आदेमार याच्या सल्ल्याने तिला प्रायश्चित्त देण्यात आले. थोड्याच दिवसांत मात्र तिला कैदेत ठेवणाऱ्या तुर्काचा निरोप आला आणि ती त्याच्याकडे परत गेली. आल्बर्टला यात वासनेखेरीज दुसरे कारण दिसत नाही. ट्रियरला परतल्यावर तिच्या वाट्याला काय आले असते, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलेला नाही.

जेरुसलेमात लॅटिन जोगिणी क्रुसेडच्या आधीपासून होत्या. इटलीतील अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी अकराव्या शतकात तिथे एक मठ आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली होती. शिवाय स्त्रियांसाठी मेरी मॅग्डलेनच्या नावाने वेगळा मठ होता. १०९९ मध्ये क्रुसेडर शहरात शिरले, तेव्हा ॲग्नेस नावाची कुलीन रोमन स्त्री त्याची प्रमुख होती. शहर हाती आल्यावर राजघराण्याने मठांचा आपल्या सोयीने उपयोग करून घेतला. जेरुसलेमच्या पहिल्या बाल्डविन राजाला आपली आर्मेनियन राणी नकोशी झाली, तेव्हा त्याने तिची रवानगी सेंट ॲनच्या मठात केली. पुढे ती तिथून कॉन्स्टँटिनोपलला निघून गेली.

याच सेंट ॲनमध्ये त्याच्यामागून राजा झालेल्या दुसऱ्या बाल्डविनची धाकटी मुलगी इव्हेट जोगीण झाली. वडील शत्रूच्या कैदेतून सुटावेत म्हणून ही मुलगी लहानपणी ओलीस राहिली होती. तिची थोरली बहीण मेलिसेंद राणी झाली. राजकन्येने साध्या जोगिणीसारखे दुसरीच्या हाताखाली राहावे हे राणीला रुचेना, असे टायरचा विल्यम हा बखरकार सांगतो. मग ११३८ मध्ये राणी आणि तिचा पती फुल्क यांनी जेरुसलेमपासून जेमतेम कोसभर अंतरावर असलेले बेथानी गाव जेरुसलेमच्या होली सेपल्कर चर्चच्या धर्मगुरूंकडून घेतले आणि बदल्यात त्यांना तेकोआ हे गाव दिले. बेथानी म्हणजे येशूने लाझारसला जिवंत केले ते ठिकाण. तिथे मठ बांधला गेला. गाव उघड्यावर असल्याने सोबत दगडी बुरूजही उभा राहिला. जेरिको व त्याचे उत्पन्न मठाला तोडून देण्यात आले. सोन्याची पात्रे आणि ग्रंथ आले ते वेगळेच. रीत सांभाळण्यासाठी आधी एका वृद्ध जोगिणीला मठाध्यक्षा नेमले आणि तिच्या निधनानंतर इव्हेटला ते पद मिळाले.

इव्हेटचा मठ हे राज्यातल्या स्त्रियांचे एक सत्ताकेंद्रच बनले. फुल्कच्या पहिल्या लग्नाची मुलगी सिबिला ही फ्लँडर्सच्या काउंटची पत्नी. ती ११५७ मध्ये नवऱ्याबरोबर आली, नवरा मायदेशी परतला तरी मठातच राहिली आणि ११६५ मध्ये तिथेच वारली. ११६१ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या मेलिसेंदची शुश्रूषा करणाऱ्यांतही इव्हेट होती. आणखी एक सिबिला, मेलिसेंदचा मुलगा अमालरिक राजा याची मुलगी, वडिलांच्या या मावशीच्या हाताखाली बेथानीत वाढली आणि ११८६ मध्ये जेरुसलेमची राणी झाली.

अमाल्फीकरांच्या धर्मशाळेतून हॉस्पिटलर पंथ निघाला. त्याला १११३ मध्ये पोपची मान्यता मिळाली. पंथाच्या जेरुसलेममधील रुग्णालयात स्त्रियांसाठी वेगळा विभाग होता. यात्रेत बाळंत झालेल्या बायकांच्या तान्ह्यांसाठी छोटे पाळणे करावेत, असे ११८२ च्या नियमांत नमूद आहे. पंथाच्या स्त्री-शाखेची मोठी घरे मात्र युरोपात वाढली. त्यांतले सर्वांत वैभवशाली स्पेनमधले सिहेना, अरागॉनच्या सांचा राणीने ११८८ च्या सुमारास स्थापलेले.

सुलतान सलाउद्दीनने ११८७ मध्ये वेढा घालून जेरुसलेम घेतले आणि तिथले लॅटिन मठ रिकामे झाले. ११९२ मध्ये सेंट ॲनचे चर्च मदरसा बनले. ते सांगणारा अरबी शिलालेख अजून दारावर आहे. ११८७ च्या त्या वेढ्यात बेव्हर्लीची मार्गारेट नावाची यात्रेकरू शिरस्त्राण म्हणून डोक्यावर भांडे घालून सैनिकांना पाणी पुरवत होती. ती पुढे फ्रान्समध्ये सिस्टर्शियन जोगीण झाली आणि मठवासी भावाने तिची कहाणी लिहून ठेवली. शहर परत मिळावे म्हणून पोप तिसरा इनोसंट याने १२१३ मध्ये दर महिन्याला स्त्री-पुरुषांच्या वेगवेगळ्या प्रार्थनायात्रा काढण्याचा आदेश दिला. रणांगणाशी संबंध न येणाऱ्या स्त्रियांचाही क्रुसेडशी असा रीतसर संबंध जोडला गेला.

जेरुसलेममधून बाहेर पडलेले अनेक मठ अक्को शहरात वसले. १२९१ मध्ये तेही इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या हाती पडले. तिथल्या जोगिणींनी अब्रू वाचवण्यासाठी स्वतःची नाके कापून घेतली, अशी कथा सांगतात. अशीच कथा इतर शहरांच्या पाडावाबद्दलही सांगितली जात असल्याने तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. वाचलेल्या मठवासिनींपैकी काही सायप्रसला गेल्या. जेरुसलेमातून निघालेल्या बेनेडिक्टाइन जोगिणींचा 'अवर लेडी ऑफ टायर' हा मठ निकोसियात नव्याने उभा राहिला आणि त्याचे चर्च पुढे आर्मेनियन ख्रिश्चनांकडे गेले.