वीजमागणी-नियंत्रण, फ्रान्समधील

वीज मोठ्या प्रमाणावर साठविणे अवघड असल्याने कमाल मागणीच्या मोजक्या तासांसाठीही निर्मितिक्षमता राखून ठेवावी लागते. हा भार ग्राहकास सूचना देऊन हलका करण्याचे प्रयत्न फ्रान्समध्ये सातत्याने झाले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या एलेक्त्रिसिते द फ्रांस या राष्ट्रीय उपक्रमात मार्सेल ब्वातो या अर्थशास्त्रज्ञाने सीमांत उत्पादनखर्चानुसार दर आकारण्याचे तत्त्व रुजविले. पुढे वीजवाहिन्यांतूनच १७५ हर्ट्‌झ कंप्रतेचे संकेत पाठवून घरोघरचे जलतापक रात्रीच्या स्वस्त वेळी चालू करण्यात येऊ लागले. हा संवाद एकतर्फी होता; ग्राहकाकडून उलट संकेत येत नसे.

विजेवर घरे उबदार ठेवण्याची प्रथा वाढली, तेव्हा मागणी थंडीच्या लाटेबरोबर चढू लागली व रात्र-दिवसाचा भेद अपुरा पडला. म्हणून १९८२ मध्ये वर्षातील २२ दिवस अतिशय महाग ठरविणारा ऐच्छिक दर आला. त्यामागून आलेल्या ‘तेंपो’ दरपद्धतीत वर्षाचे ३०० निळे, ४३ पांढरे व २२ लाल असे दिवस पडतात. लाल दिवस नोव्हेंबर ते मार्च या काळातच येतात. दिवसाचा रंग आदल्या दिवशी कळविला जातो आणि उपकरण बंद करावयाचे की नाही, हे ग्राहकच ठरवितो. मात्र ज्याच्या घरी लाकडाची शेगडी आहे त्यालाच हे स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने लाभते. केवळ विद्युत् तापकावर विसंबणाऱ्यास थंडी सोसावी लागते किंवा मोठे देयक भरावे लागते. २०१५ पासून बसविलेल्या ‘लिंकी’ मापकांमुळे संवाद दुतर्फी झाला. पण घरातील वीजवापराचा तपशील बाहेर जातो म्हणून त्यांस अनेक गावांत विरोध झाला.